अर्धं मोडलेलं दारं

देवळाली प्रवरात एक शेतकरी होता. घर आजोबांपासून ख्रिस्ती, म्हणून आपणही ख्रिस्ती, एवढाच त्याचा हिशेब. नाताळला नवा शर्ट घालून चर्चला जायचं, सप्टेंबरात हरेगावची मतमाउलीची यात्रा करायची. एरवी बायबल कपाटात आणि हा उसात. बांधावरून थोरल्या भावाशी बोलणं बंद होतं. बांध कोणी कोरला, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पौषात कालव्याचं आवर्तन सुटलं. याचं बारं नेमकं रात्रीचं आलं. थंडी मी म्हणत होती. त्यानं पाटाचं दारं अर्धंच मोडलं, घोंगडी ओढली आणि झोपला. (अशी झोप चर्चमध्येही लागते.) सकाळी पाहतो तर पुढच्या चार सऱ्या भिजलेल्या, शेवटचा ऊस कोरडाठाक.

"पाटकऱ्यानं पाणीच कमी सोडलं," फिरायला आलेल्या म्हाताऱ्या मास्तरांना तो म्हणाला.

मास्तरांनी वाकून दारं पाहिलं. "लेका, भंडारदऱ्याचं पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून उजव्या कालव्यानं तुझ्या शेतापर्यंत आलं. दोन फावडी माती तेवढी तुला काढायची होती."

तो ओशाळून हसला. मास्तर बांधावर टेकले. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक हा त्यांच्या वेडाचा विषय.

"टिळक आपल्या राहुरीत राहून गेले. आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं नवा करार हातात दिला आणि डोंगरावरच्या प्रवचनानं त्यांना धरलं ते धरलंच. 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यापायी बायकोमुलाची ताटातूट सोसली. पुढे मिशनची नोकरी, भजनं, नाव. दुसरा तिथंच थांबला असता. यांनी पन्नाशी उलटल्यावर, 1917 साली, मिशनचा पगार सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेला असो नसो, ख्रिस्ताच्या मागे यायचं त्यानं यावं."

"मी कुठला पगार सोडू, मास्तर?"

"नाताळला थैलीत किती टाकलेस?"

"पाचशे."

"आणि भावाला काय दिलंस?"

त्याला राग आला. आठवडाभर तो मास्तरांची वाट टाळून शेतात जात राहिला. पण एका रात्री कपाट उघडून मत्तयाचा पाचवा अध्याय काढला. अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी भावाकडे जायला सांगितलंय, ते तिथं होतं. लहानपणी पाठ केलेलं. आज पहिल्यांदा वाचलं.

रविवारी दानाची थैली त्याच्यापर्यंत पोचायच्या आत तो उठला आणि थेट भावाच्या ओट्यावर जाऊन उभा राहिला.

"दादा, बांध मीच कोरला. दोन सऱ्या तुझ्या आहेत. खुणा तू घाल."

दादा त्याच्याकडे बघतच राहिला. "नगरपरिषदेला उभा राहतोयस काय?"

"नाही."

"मग?"

"फावडं कुठाय, ते सांग."