ही हाडे कोणाची?

शास्त्रभाग : यहेज्केल ३७:१–१०, २ राजे १३:२०, २१



परमेश्वराने यहेज्केल संदेष्ट्यास एका खोऱ्यात नेले, ते खोरे माणसांच्या हाडांनी भरलेले होते, आणि ती हाडे अगदी सुकून गेली होती, ही कथा आपणांपैकी बहुतेकांस लहानपणापासून ठाऊक आहे. परंतु तीतील एक गोष्ट आपल्या ध्यानातून सुटते. देवाने आपल्या सेवकास लागलीच संदेश देण्यास सांगितले नाही. आधी त्याने त्यास त्या हाडांमधून सभोवार फिरविले. यहेज्केल हा याजक होता. मेलेल्या माणसाचे हाड शिवणाऱ्यास सात दिवस विटाळ आहे, असा नियम गणनाच्या १९व्या अध्यायात आहे, आणि तो याजकास चांगला माहीत होता. तरी देवाने त्यास तोंड फिरवू दिले नाही. जे आपण जिवंत करणार ते माझ्या सेवकाने आधी नीट पाहावे, अशी देवाची इच्छा होती.

गेल्या पावसाळ्यात हा शास्त्रभाग माझ्यापुढे निराळ्या रीतीने उभा राहिला. मुळशी तालुक्यातील हिंजवडी हे एके काळी शेतीवर जगणारे गाव. आता तेथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क आहे, आणि काचेच्या उंच इमारतींत हजारो लोक दिवसभर संगणकापुढे बसतात. आपल्या खेड्यांतील मंडळ्यांची कित्येक मुलेमुली तेथे कामासाठी व शिक्षणासाठी खोल्या घेऊन राहतात. त्यांतील एक मुलगी फिजिओथेरपी शिकते, म्हणजे हाडांच्या व स्नायूंच्या दुखण्यावर व्यायामाने उपचार करण्याची विद्या. तिची आई गावाहून चार दिवस राहावयास आली. केर काढताना तिला खाटेखाली कापडी पिशवी सापडली, आणि पिशवीत माणसाची हाडे निघाली. बाईने रडत मला फोन केला : “पाळकसाहेब, लवकर या. पोरीच्या खोलीत मढ्याची हाडे आहेत. प्रार्थना करून खोली शुद्ध करा.”

मी गेलो. खरे सांगावयाचे तर दारात माझेही पाऊल अडखळले. सुक्या हाडांच्या अध्यायावर मी अनेक वेळा उपदेश केला होता. सेमिनरीत तो अध्याय बारकाईने शिकलोही होतो. परंतु माणसाचे हाड हातात कधी घेतले नव्हते. मुलीने शांतपणे एक चादर अंथरली, एकेक हाड तीवर मांडले, आणि टाचेचे हाड माझ्या तळहातावर ठेवले. ते हलके होते. आईने विचारले, “पाळकसाहेब, याची हाडे अशी पिशवीत पडली, तर शेवटच्या दिवशी हा बिचारा उठेल कसा?” आणि मुलीने विचारले, “मला अभ्यास करताना रोज वाटते, ही हाडे कोणाची असतील?” ह्या दोन प्रश्नांवर त्या दिवशी मला जे सुचले आणि नंतर विचारांती जे कळले, ते आज आपणांपुढे मांडतो.

पहिली गोष्ट : हे ज्ञान विटाळ नव्हे, ते देवाच्या हाताच्या कामाचे वाचन आहे.

यहेज्केलाच्या दर्शनातील क्रम पाहा. आधी हाडाशी हाड जुळले, मग त्यांवर स्नायू आले, मग मांस, मग त्वचा, आणि सर्वांच्या शेवटी श्वास. विद्यार्थीही बहुधा हाडांपासूनच आरंभ करतात, कारण स्नायू कोणत्या हाडापासून निघतो व कोणत्या हाडाला जाऊन लागतो हे कळल्यावाचून त्याचे काम समजत नाही. मोठ्या माणसाच्या देहात सामान्यतः २०६ हाडे असतात. तान्ह्या बाळाच्या देहात ती याहून पुष्कळ अधिक असतात, आणि वाढता वाढता त्यांतील कित्येक एकमेकांस जुळून एक होतात. एका हातात, मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत, २७ हाडे आहेत, आणि एका पावलात २६. म्हणजे दोन हात व दोन पावले मिळून १०६ होतात. सर्व हाडांपैकी निम्म्याहून अधिक हाडे देवाने काम करणाऱ्या हातांत व चालणाऱ्या पावलांत घातली आहेत. शेतकऱ्याने व मजुराने हे आपल्या मनात ठेवावे.

स्नायूंची गोष्टही अशीच आहे. स्नायूस ओढता येते, ढकलता येत नाही. दंडाच्या पुढचा स्नायू आखडला म्हणजे कोपर वाकते. ते सरळ करावयाचे तर दंडाच्या मागच्या स्नायूने ओढले पाहिजे, आणि तेव्हा पुढच्याने सैल पडले पाहिजे. दोघेही एकाच वेळी हट्टाने ओढू लागले तर हात जागचा हलत नाही. पौलाने इफिसकरांस लिहिताना, प्रत्येक सांध्याच्या साह्याने सर्व देह जुळून वाढतो, असे म्हटले आहे. आपल्या मंडळीच्या पंचांच्या सभेत ज्यास आपण माघार म्हणतो, ती पुष्कळदा ह्या मागच्या किंवा पुढच्या स्नायूची सेवाच असते.

येथे उपदेशक बंधूंस एक सूचना करणे अवश्य आहे. देवाने आदामाची फासळी घेतली, म्हणून पुरुषास स्त्रीपेक्षा एक फासळी कमी असते, असे आपल्या खेड्यांत पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. हे खरे नाही. पुरुष असो वा स्त्री, दोघांसही बहुधा बारा बारा जोड्या म्हणजे २४ फासळ्या असतात. युरोपात आंद्रेआस वेसालियस नावाच्या वैद्याने १५४३ साली शरीररचनेवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि फासळ्यांविषयीची ही समजूत चुकीची असल्याचे दाखविले. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आदामाची फासळी घेतली असे सांगितले आहे. त्याच्या वंशजांच्या फासळ्या कमी झाल्या असे तेथे कोठेही लिहिलेले नाही. ज्याचे बोट अपघातात तुटले त्याच्या मुलास दहा बोटे असतातच. आपण मुलांस भलतेच शिकविले, तर ती शाळेत जाऊन खरे शिकल्यावर आपल्या चुकीचा दोष पवित्र शास्त्रास लावतील.

दुसरी गोष्ट : ही हाडे बहुधा अशा माणसांची आहेत, ज्यांस कोणी आपले म्हटले नाही.

देह उघडून पाहण्याची विद्या आपल्या देशास नवी नाही. प्रेत वाहत्या पाण्यात ठेवून, मग त्याचे एकेक थर काढून अवयव पाहावेत, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. पुढे विटाळाच्या भयाने ते बंद पडले. १८३६ साली कलकत्त्यात पंडित मधुसूदन गुप्त यांनी ते भय मोडून मानवी प्रेताचे विच्छेदन केले, आणि १८४५ साली मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. विद्यार्थी वाढले, तशी देहांची गरज वाढली. आपल्या प्रांतात १९४९ साली जो शरीररचनेचा कायदा झाला, त्याने बेवारस प्रेते वैद्यकशाळांस देण्याची व्यवस्था केली. रस्त्यावर किंवा सरकारी इस्पितळात जो मेला, आणि ज्याचा देह मागावयास कोणी आले नाही, त्याचा देह विद्यार्थ्यांपुढे आला. इतकेच नव्हे, तर सरकारने १९८५ साली मानवी हाडांची निर्यात बंद करीपर्यंत परदेशांतील कित्येक विद्यार्थीही आपल्या देशातील माणसांच्याच हाडांवरून शिकले.

म्हणून त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर असे, की ही हाडे पुष्कळ करून गरिबाची. जिवंतपणी ज्यास ओसरीवर बसू दिले नसेल, त्याच्या हाडांपुढे सर्व जातींच्या मुलांनी मान वाकवून विद्या घेतली. ह्या चादरीवरील हाडात मला जात सापडेना. आपले वाडवडील ज्या विटाळाच्या जाचाखाली वागले, तो विटाळ हाडापर्यंत पोहोचलेलाच नव्हता.

आणि बंधूंनो, आपल्या प्रभूचा देह आठवा. वधस्तंभावर मेलेल्या गुन्हेगाराचा देह मागावयास कोण पुढे येणार? शिष्य पळून गेले होते. अरिमथाईकर योसेफ धैर्य करून पिलाताकडे गेला, म्हणून त्या देहास कबर मिळाली. आपला तारक बेवारस ठरण्यापासून एका माणसाच्या धैर्याइतकाच दूर होता. ज्यास हे ठाऊक आहे, तो कोणत्याही बेवारस देहाची निंदा किंवा थट्टा करू शकत नाही. विद्यार्थ्यांनो, तुम्ही हाडे हाताळाल तेव्हा हसू नका. ज्याची ती आहेत तो तुमचा गुरू आहे.

तिसरी गोष्ट : आपले पुनरुत्थान हाडे जपण्यावर अवलंबून नाही.

आईचा प्रश्न मी हलका समजत नाही. योसेफाने मिसर देशात मरताना आपल्या अस्थी वचनदत्त देशात नेण्याची शपथ घेवविली होती. देहाचा आदर करणे हे विश्वासाचेच लक्षण आहे. परंतु जे रक्तसाक्षी जाळले गेले, जे समुद्रात बुडाले, ज्यांस श्वापदांनी खाल्ले, त्यांस देव उठवू शकणार नाही काय? पौल करिंथकरांस बीजाचा दृष्टांत देतो. शेतकरी पेरलेला दाणा पुन्हा उकरून मागत नाही. तो पिकाची वाट पाहतो. ज्याने मातीपासून आदाम घडविला, त्यास पिशवीतील हाडांची अडचण नाही.

आता माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या मंडळीतील एका वृद्ध बंधूने मला विचारले होते, “पाळकसाहेब, माझा देह डॉक्टरीच्या मुलांस शिकावयास दिला तर चालेल काय?” लोक काय म्हणतील ह्या भीतीने मी, पुढे पाहू, असे उत्तर दिले. पुढे पाहण्याची वेळ आली नाही. ते बंधू प्रभूमध्ये निजले, आणि त्यांची इच्छा अपुरी राहिली. त्यांना ज्या शास्त्रभागाने उत्तर देता आले असते, तो तेव्हाही माझ्या शास्त्रात होता. अलीशा संदेष्टा मरून पुरला गेला. पुढे एका मेलेल्या माणसाचा देह त्याच्या कबरेत पडला, आणि अलीशाच्या हाडांस लागताच तो मनुष्य जिवंत होऊन आपल्या पायांवर उभा राहिला. तो देवाचा चमत्कार होता, हे खरे. तरी देव आपल्या सेवकाच्या सुक्या हाडांचाही दुसऱ्याच्या जीवनासाठी उपयोग करतो, हे त्याने त्यात दाखविले.

म्हणून मी असे सांगतो : देहदानाची आज्ञा शास्त्रात नाही, आणि मनाईही नाही. ज्यास आपल्या पित्याचा देह मातीत ठेवावयाचा आहे त्याने निश्चिंत मनाने ठेवावा. ज्यास देह द्यावयाचा आहे त्याने जिवंतपणीच वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात अर्ज भरावा, आणि घरच्या माणसांस सांगून ठेवावे. कारण मृत्यूनंतर त्यांचीच संमती लागते व देह काही तासांतच पोहोचवावा लागतो. अपघाती मृत्यू किंवा काही संसर्गजन्य रोग असल्यास देह घेत नाहीत. देह नेण्यापूर्वी प्रार्थना व उपासना करता येते. अशा कुटुंबास कोणी नावे ठेवू नयेत.

हे सर्व शिकावयाचे कशासाठी, हे आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रावरून कळते. त्या आपल्या धर्ममताच्या नव्हत्या, आणि तसे त्यांनी उघड सांगितले होते. तरी त्यांच्याकडून आपण शिकावे. चौदा वर्षांच्या वयात त्यांचे दहा दिवसांचे बाळ योग्य उपचारावाचून गेले. त्या दुःखातून ही मुलगी समुद्रापलीकडे फिलाडेल्फियास गेली, देहाची विद्या शिकली, आणि १८८६ साली डॉक्टर झाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. पुढच्याच वर्षी आनंदीबाई वारल्या. त्यानंतर १८९४ साली मिरजेस डॉक्टर वॉनलेस यांनी मिशनचे रुग्णालय उभारले. मोडलेल्या हाडांस व दुखणाऱ्या देहांस तेथे जो आराम मिळाला, त्याच्यामागेही कोणा अनामिकाच्या देहावरून मिळालेले ज्ञान होते.

उपदेशक बंधूंनो, तुमच्या गावात कोणी पडून हाड मोडले तर केवळ प्रार्थना करून किंवा घट्ट पट्टी बांधवून घरी ठेवू नका. पट्टी फार आवळली म्हणजे रक्त अडते, बोटे गार व काळी पडतात, आणि हाताचा घात होतो. अवयव न हलविता आधार द्या, रुग्णालयात न्या, आणि वाटेत प्रार्थना करा. आणि कोणाचे मूल ही विद्या शिकत असेल तर त्यास भुताखेतांची भीती घालू नका.

त्या दिवशी हिंजवडीच्या खोलीत मी शुद्धीची प्रार्थना केली नाही. मी त्या बाईंस म्हटले, “बाई, ज्याची ही हाडे त्याच्याबद्दल आपण देवाचे आभार मानू.” आम्ही तिघांनी गुडघे टेकले. मग आईने आपल्या ट्रंकेतून एक धुतलेले लुगडे काढले, त्याचा तुकडा फाडला, आणि हाडे स्वतःच्या हातांनी त्यात गुंडाळून पिशवीत ठेविली. खिडकीतून समोर नवी इमारत चढत होती. मजूर पाठीवर ओझे घेऊन वर जात होते, आणि शेजारच्या इमारतीत तरुण मंडळी मान वाकवून बसली होती. दोघांचाही कणा एकाच हाताने घडविलेला आहे, आणि दोघेही उद्या दुखणाऱ्या पाठीने ह्या मुलीकडे येतील.

हे आमच्या घडविणाऱ्या देवा, ज्यांची नावे आम्हांस ठाऊक नाहीत ती तुला ठाऊक आहेत. जे शिकतात त्यांच्या हातांस दया दे, जे शिकवितात त्यांच्या मुखात सत्य दे, आणि आमच्या मंडळ्यांतील सुक्या हाडांत तुझा श्वास घाल. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.