आजाराचे निमित्त

गाऱ्हाणे रास्त असले, तर ते असत्य शब्दांनी मांडावे काय?

1998 च्या अखेरीस अमेरिकन एअरलाइन्सने रीनो एअर ही लहान विमानकंपनी विकत घेतली. तिचे वैमानिक कमी वेतनावर काम करीत. त्यामुळे आपल्या हक्कांवर गदा येईल, असे अमेरिकनच्या वैमानिकांस वाटले. ते भय निराधार होते असे मला म्हणवत नाही. तेथील रेल्वे कामगार कायदा विमानसेवेलाही लागू आहे व तो संपास सहजासहजी वाव देत नाही. तेव्हा फेब्रुवारी 1999 मध्ये वैमानिकांनी मोठ्या संख्येने आपण आजारी असल्याचे कळविले. 10 फेब्रुवारीस न्यायालयाने हे थांबविण्याचा आदेश दिला. त्यानंतर आजारी वाढलेच! न्यायाधीश जो केंडल यांनी अवमानाबद्दल संघटनेस 4 कोटी 55 लाख डॉलर भरावयास लावले, आणि 2000 साली अपिलातही तो निर्णय कायम राहिला.

दहा आज्ञांतील 'खोटी साक्ष' या शब्दांपाशी भाषांतरकार म्हणून मी फार रेंगाळलो आहे. मूळ इब्री शब्द न्यायसभेतले आहेत. तेथे प्रश्न शेजाऱ्याच्या हानीचा असतो. मग येथे शेजारी कोण? कंपनी? खोळंबलेले प्रवासी? माझ्या मनात येतो तो त्या आठवड्यात खरोखरीच तापाने फणफणलेला एखादा वैमानिक. त्याने 'मला बरे नाही' म्हणताच शंका न घेता त्याला विमानातून उतरू द्यावे, यावर आपले प्राण अवलंबून असतात. त्या दिवसांत त्याचे कोणी ऐकले असते?