राग कुळाचा की ज्याचा त्याचा

रागीट माणसाला मराठीत जमदग्नी म्हणतात, आणि राग वारशाने येतो का याचे एक जुने उत्तर त्याच घराण्याच्या कथेत सापडते. महाभारतात ऋचीक ऋषी पत्नी सत्यवती आणि सासू यांच्यासाठी दोन वेगळे चरू, म्हणजे पुत्रप्राप्तीसाठी मंत्रून शिजवलेले अन्न, सिद्ध करतो. मायलेकी त्यांची अदलाबदल करतात. आता पोटी उग्र क्षत्रिय स्वभावाचा मुलगा येणार हे कळल्यावर सत्यवती एवढीच सवलत मागते, की मुलगा नको, नातू तसा होऊ दे. म्हणून तो उग्रपणा मुलगा जमदग्नी याच्याऐवजी नातू परशुरामात उतरला. सवलत मिळूनही जमदग्नी बायकोचे मस्तक उडवायला सांगण्याइतका तापट निघालाच, ही गोष्ट वेगळी.

आज चरूच्या जागी जनुके आली आहेत, पण हिशेब इतका सरळ नाही. एकाच बीजांडातून झालेल्या आणि दोन बीजांडांतून झालेल्या जुळ्यांची तुलना केली, तर माणसामाणसांच्या स्वभावातल्या फरकापैकी साधारण ४० ते ५० टक्के फरक आनुवंशिक भेदांशी जोडता येतो. हा आकडा समूहाचा आहे. अमक्याचा निम्मा राग बापाचा, असे त्यावरून म्हणता येत नाही. १९९३ साली हान ब्रुनर यांनी नेदरलँड्समधल्या एका कुटुंबातल्या आक्रमक पुरुषांत एमएओए या जनुकाचा बिघाड दाखवला, पण असा बिघाड अत्यंत दुर्मीळ. एरवी असंख्य जनुकांचा इवलाइवला वाटा असतो.

कुळातून काय येते हा प्रश्न केवळ जनुकांचा नाही; गुजरातेतल्या सुरतेत तो धर्मसुधारणेच्या वाटेने आला. २२ जून १८४४ रोजी दुर्गाराम मेहताजी, मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि त्यांचे सहकारी यांनी तिथे मानवधर्म सभा स्थापन केली. माणसाची पारख कुळावरून नव्हे, गुणांवरून करावी, अशी तिची भूमिका. मग गुणच कुळातून येत असतील तर ही भूमिका ढासळते का? उलट ती पक्की होते. मूल आईची निम्मी आणि बापाची निम्मी जनुके घेते, पण कोणती निम्मी हे दर खेपेला नव्याने ठरते. एका ताटात जेवलेल्या सख्ख्या भावांत म्हणूनही एक थंड आणि दुसऱ्याच्या नाकावर राग. स्वभाव जपून पुढे देण्याइतके कुळ भरवशाचे नाही.

उरतो जबाबदारीचा प्रश्न. सुरतेत गोपीपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीत रुजलेला जैन विचार वारसा मानतो, पण तो आईबापांचा नव्हे, स्वतःच्या पूर्वकर्मांचा. क्रोध हा चार कषायांतला, म्हणजे आत्म्याला मलिन करणाऱ्या विकारांतला, पहिला. त्याच्या चार प्रती सांगितल्या आहेत, दगडातली भेग, जमिनीतली भेग, वाळूतली रेघ आणि पाण्यावरची रेघ. श्वेतांबर कर्मग्रंथांनुसार पहिली जन्मभर टिकते, दुसरी वर्षभर, तिसरी चार महिने आणि चौथी पंधरवडाभर. राग किती चटकन येतो याला इथे मापच नाही, किती दिवस धरला हे मोजले आहे. प्रतिक्रमणे, म्हणजे झाल्या दोषांची कबुली देऊन मागे फिरण्याचे विधी, त्याच मुदतींनाही धरून असतात, पाक्षिक, चातुर्मासिक आणि वार्षिक. पर्युषणाच्या अखेरीस, संवत्सरीला, घरोघरी ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणून क्षमा मागतात, ती वर्षाची मुदत टळण्याआधी.