सव्वा महिन्यानंतर

बाळंतिणीला सव्वा महिना जपायचं, ही रीत वर्धा जिल्ह्यात आर्वीपासून हिंगणघाटपर्यंत घराच्या ऐपतीप्रमाणे पाळली जाते. शेक, मालिश, डिंकाचे लाडू. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईही 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी येऊन बाळाचं वजन, ताप, नाळ आणि आईचं दूध पाहतात. मग रीत आणि आशाताईंच्या या भेटी, दोन्ही साधारण एकाच सुमारास संपतात. मला खटकतं ते नेमकं इथे.

कारण पहिल्या आठवड्यातलं आईचं रडू बहुधा आपोआप ओसरतं. नैराश्याचा खरा आजार त्यापुढेही टिकतो. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात 270 गर्भवती स्त्रियांचा अभ्यास केला, तो 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. बाळ सहा ते आठ आठवड्यांचं झालं तेव्हा 23 टक्के आयांना नैराश्य होतं, आणि त्यांतल्या 78 टक्के गरोदरपणातच मनाने खचलेल्या होत्या. म्हणजे ‘बाळंतपणाने असं झालं’ किंवा ‘बाहेरचं लागलं’ हे म्हणणं टिकत नाही. गरिबी, नवऱ्याशी बिनसलेलं, आणि मुलाची वाट पाहत असताना झालेली मुलगी, ही कारणं त्या अभ्यासात ठळक होती. ती वर्ध्यातही अनोळखी नाहीत.

बाई मात्र मनाचं सांगत नाही. डोकं दुखते, पाठ भरून येते, दूध पुरत नाही, असं सांगते. बाळंतिणीचं नैराश्य ओळखायची एडिनबर्गची दहा प्रश्नांची चाचणी 1987 पासून आहे. मागच्या सात दिवसांत कसं वाटलं, एवढंच ती विचारते. स्वतःला इजा करावीशी वाटली का, हेही. पण सासू शेजारी बसली असताना विचारलं तर ‘बरं आहे’ यापलीकडे काय येणार?

घरी जाऊन विचारणं वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला नवं नाही. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये सुरू केलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी गावात राहून शिकतात. तिथल्याच कस्तुरबा रुग्णालयाने तर खेड्यांतून हप्ता म्हणून ज्वारी घेऊन आरोग्यविमा चालवला. आणि बोलण्याने फरक पडतो, याचा पुरावाही आहे. रावळपिंडीजवळच्या खेड्यांत गावातल्याच आरोग्यसेविकांना शिकवून नैराश्य असलेल्या आयांच्या घरी पाठवलं. 2008 च्या अहवालानुसार बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत त्यांच्यापैकी 23 टक्केच आजारी राहिल्या. नेहमीच्या भेटी मिळालेल्यांत 53 टक्के. त्रास जास्त असेल तर अंगावर पाजतानाही डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतील अशी औषधं आहेत. भास होऊ लागले, झोप उडाली, आई बाळाविषयी भलतंच बोलू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक काही महिन्यांनी सासरी जाते. तिची ओळख मात्र माहेरच्या आशाताईंनाच असते. तेव्हा 42 व्या दिवशी वही मिटण्याआधी त्यांनी सासरच्या गावच्या आशाताईंना तिचं नाव कळवावं. मनाच्या त्रासासाठी टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांकही आहे, पण घरातला एकुलता फोन नवऱ्याच्या खिशात असतो.