दुसऱ्याच्या चुकीचें उत्पन्न

जुगारांत नीतीचा प्रश्न एकच, तो खेळावा कीं खेळूं नये, अशी आपल्या मध्यमवर्गीय घरांतून समजूत आहे. आणि त्याचें उत्तरही आपल्या पूर्वजांनीं देऊन ठेविलें आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत जुगाऱ्याच्या विलापाचें एक सूक्त आहे, आणि धर्मराजाचा द्यूतप्रसंग तर पोरासोरांनाही ठाऊक असतो. परंतु हें सारें विवेचन हरणाऱ्याविषयीं झालें. जो जिंकतो, आणि तेंही कपटानें नव्हे तर केवळ दुसऱ्यापेक्षां शहाणपणानें खेळून जिंकतो, त्याच्या मनाचें काय होतें, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाहीं. शकुनीच्या कपटानें आपली ती सोय करून ठेविली आहे.

माझ्या मनांत जो खेळ आहे तो अमेरिकेंत वाढलेला पोकर, आणि त्यांतही टेक्सास होल्डेम या नांवाचा प्रकार. १९९८ पासून तो खरे पैसे लावून संगणकाच्या पडद्यावर खेळतां येऊं लागला. २००३ सालीं टेनेसी संस्थानांतील ख्रिस मनीमेकर नांवाचा एक हिशेबनीस पडद्यावरील एका स्वस्त चढाओढींतून पात्र ठरून लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेंत गेला आणि २५ लक्ष डॉलर जिंकून आला. ‘पैसे करणारा’ या अर्थाचें हें आडनांव खरोखरीचें आहे. कादंबरीकारानें ठेविलें असतें तर टीकाकारांनीं त्याला सोडलें नसतें. त्या बातमीनंतर आपणही मनीमेकर होऊं अशा आशेनें लोकांच्या झुंडी या पडद्यांकडे वळल्या. आपल्याकडे २०२५ सालीं संसदेनें कायदा करून पैशाच्या ऑनलाइन खेळांस मनाई केली, हें वाचकांस ठाऊकच आहे. कायद्याचें काम तेथें संपतें. विचाराचें संपत नाहीं.

खेळाची रचना सोपी आहे. प्रत्येकास दोन पानें झांकलेलीं मिळतात. मग मध्यभागीं सर्वांसाठीं पांच पानें उघडलीं जातात: आधीं तीन, मग एक, मग शेवटचें एक. या सातांतून ज्याचीं पांच पानें सर्वांत भारी, त्याचा डाव. प्रत्येक टप्प्यावर पण लावावा, वाढवावा, किंवा पानें टाकून मोकळें व्हावें. हातांतील दोन पानांची जोडी जुळण्याचा योग सरासरीनें सतरा डावांत एकदां येतो. आणि सर्वश्रेष्ठ जी एक्क्यांची जोडी ती २२१ डावांत एकदां. शिस्तीचा खेळाडू वाईट पानें टाकीत अशा योगाची वाट पाहत बसतो. अगदीं हलक्या मेजावर सक्तीचे पण एक आणि दोन सेंटांचे असतात. तेथें त्याच्यासमोर बसलेले बहुतेक लोक मोकळ्या हाताचे. इस्पिकची सत्ती आणि चौकटची दुर्री हातीं आली तरी ‘पाहूं तरी काय येतें’ म्हणून ते पैसे टाकतात, आणि एकदां टाकले कीं मागें हटत नाहींत.

आतां गणित पाहा. एक्क्यांच्या जोडीसमोर एकच प्रतिपक्षी, त्याचीं पानें कसलींही, आणि दोघेही शेवटपर्यंत राहिले, तर शंभरांत सुमारें ८५ वेळां एक्के जिंकतात. समोर असे पांच जण राहिले तर हाच आंकडा ४९ वर उतरतो. म्हणजे खेळांतील सर्वोत्तम पानें घेऊन बसलेला मनुष्य निम्म्याहून अधिक वेळां हरतो. परंतु प्रत्येकानें एकेक डॉलर घातला असें धरल्यास, एकाविरुद्ध त्याचा सरासरी फायदा सत्तर सेंट होतो, आणि पांचांविरुद्ध एक डॉलर पंचाण्णव सेंट. हार तिपटीहून वाढली आणि मिळकतही जवळजवळ तिप्पट झाली! म्हणून जाणते सांगतात कीं अशा मंडळींत भारी जोडी आली तर लपवाछपवी करूं नये. पण सुरुवातीसच चांगला वाढवावा आणि पुढेंही वाढवीत राहावें. हूल देऊं नये, कारण जो पानें टाकतच नाहीं त्याला हूल लागू पडत नाहीं. आणि इतका वेळ निमूटपणें पैसे भरणारा गडी शेवटच्या पानावर एकाएकीं पण वाढवूं लागला, तर एक्के टाकून द्यावे. बादशहाच्या जोडीला तर अधिकच जपावें. पहिल्या तीन पानांत एक्का निघण्याचा संभव शंभरांत बावीस-तेवीस, आणि मोकळ्या हाताचे लोक हातीं आलेला एक्का सहसा सोडीत नाहींत.

इतका हिशेब जाणणारा मनुष्यही सत्ती-दुर्रीकडून एक्के हरले कीं संतापतो. ‘अशीं पानें घेऊन कोणी डावांत राहतो काय?’ हा त्याचा आक्रोश अशा खेळाडूंच्या बैठकींत नित्य ऐकूं येतो. त्याच्या मनांत न्यायाची एक कल्पना आहे: मी योग्य तें केलें, फळ मला मिळावयास हवें होतें. ही कल्पना आपल्या सर्वांचीच आहे, आणि ती सहजासहजीं सुटत नाहीं. पण येथें तिला मुळींच आधार नाहीं. ज्या वर्तनाबद्दल तो रागावतो, त्याच वर्तनावर त्याचें उत्पन्न उभें आहे. समोरच्यांनीं योग्य वेळीं पानें टाकलीं असतीं, तर त्याच्या एक्क्यांना सक्तीच्या तीन सेंटांखेरीज कांहीं मिळालें नसतें.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. बुद्धिबळांत दुबळा खेळाडू जवळजवळ नेहमींच हरतो; म्हणून तो एक तर शिकतो किंवा पैसे लावावयाचें सोडतो. पोकरमध्यें दैव त्याला मधून मधून जिंकवितें, आणि आपण चुकतों हें त्याच्यापासून झांकून ठेवितें. एक्के नेहमीं जिंकते तर मोकळ्या हाताचे लोक महिन्याभरांत मेज सोडून गेले असते. तेव्हां शहाण्या खेळाडूची ती संतापजनक हार म्हणजे दुसऱ्याचा भ्रम टिकविण्यासाठीं त्यानें भरलेली वर्गणीच होय. अशी वर्गणी देतांना कुरकुर करणारा मनुष्य मला हास्यास्पद वाटतो.

पण हास्यास्पद असणें हा मोठा दोष नव्हे. माझें मन अडतें तें दुसऱ्याच ठिकाणीं. इंग्रजी खेळाडूंच्या भाषेंत या भोळ्या प्रतिपक्षाला ‘मासा’ म्हणतात, आणि त्यांचा एक संकेत आहे कीं मत्स्यालयाच्या कांचेवर टकटक करूं नये. म्हणजे माशाला त्याची चूक सांगूं नये, सांगितली तर तो सुधारेल किंवा निघून जाईल. बुद्धिबळाचा डाव संपल्यावर दोघे पुनः पट मांडून ‘येथें तुम्ही घोडा हलविला तें चुकलें’ असें बोलतात. जिंकणाऱ्याला त्यांत तोटा नाहीं, उलट तोलामोलाचा जोडीदार मिळण्याची आशा आहे. इकडे मात्र चूक दिसावी, ती मनांत टिपावी, टिपण्यासाठीं संगणकाचें साह्य घ्यावें, आणि ती कायम राहावी अशी इच्छा करावी! ज्याचा जन्म दुसऱ्यांच्या चुका दाखविण्याच्या धंद्यांत गेला, त्याला ही इच्छा विपरीत वाटावी यांत नवल नाहीं. व्यवसायाचा पक्षपात म्हणून वाचकांनीं त्यांतून थोडें वजा करावें.

कोणी म्हणेल, वैद्य रोगावर जगतो आणि वकील भांडणावर. मग पोकरवाल्यानेंच काय केलें? परंतु रोग हटविणें हेंच वैद्याचें काम आहे. रोग राहावा अशी इच्छा करणारा वैद्य आपल्या धंद्याशीं द्रोह करतो. चूक राहावी अशी इच्छा करणारा पोकरवाला मात्र आपल्या धंद्याशीं इमान राखतो. दुसरे म्हणतील कीं समोरचा आपखुषीनें आला, दोन डॉलरांत त्याची संध्याकाळ करमणुकींत गेली, त्याला कोणीं लुबाडलें नाहीं. हें मला मान्य आहे. अशा जिंकण्याला मी चोरी म्हणणार नाहीं. शिवाय प्रत्येक मोठ्या राशींतून खेळ चालविणारी कंपनी शेंकडा पांचाच्या आसपास आपला वांटा काढून घेते, त्यामुळें हलक्या मेजावर शहाण्याच्याही पदरांत थोडेंच उरतें. पण इच्छेला सेंटांचें माप लागत नाहीं. रात्रीमागून रात्र, चार-चार मेजें एकदम उघडून, अनोळखी माणसांचें अज्ञान टिकावें असें चिंतीत बसण्याची संवय ज्या मनाला जडते, तें मन सकाळीं दुसरें कोठून आणावयाचें?

मग त्यानें मेजावरच शिकवणी सुरू करावी काय? तसेंही म्हणवत नाहीं. न मागितलेला उपदेश ऐकावयास कोणी पैसे घेऊन बसत नाहीं, आणि या मेजांवर जो उपदेश होतो त्याची प्रेरणा बहुधा दया नसतेच. एक्के हरल्यावर पडद्याच्या कोपऱ्यांत मनुष्य चार शब्द लिहितो, ‘काय हा खेळ!’ म्हणून; संकेत मोडून खरें बोलतो तो एवढ्याच वेळीं, आणि तेंही रागानें. दिवाळीच्या सुटींत घरांत रमीचा डाव मांडला असतां आपण पुतण्याला ‘अरे, तें पान टाकूं नकोस’ असें हळूच सांगतों, आणि डाव हरतों. तेथें समोर तोंड दिसत असतें. पडद्यावर दिसतें एक टोपणनांव, त्याच्याशेजारीं कसलेंसें चित्र, आणि खालीं उरलेल्या सेंटांचा आंकडा.