रिकामे पाकीट आणि उशिरा मिळालेला मान

दान्ते आलिगिएरी या इटालियन महाकवीच्या स्मरणार्थ निघालेली टपाल पाकिटे जमविणारे रसिक अनेक देशांत आहेत. त्याच्या मृत्यूला ६०० वर्षे झाली तेव्हा, १९२१ साली, इटलीने तीन तिकिटे काढली. १९६५ साली, जन्माच्या सातव्या शताब्दीला, इटलीबरोबर व्हॅटिकन आणि अमेरिका यांनीही तिकिटे काढली. २०२१ साली मृत्यूची ७०० वर्षे पुन्हा तशीच साजरी झाली. ज्याला प्रथम दिवस आवरण म्हणतात त्या पाकिटावर डावीकडे चित्र असते, उजवीकडे तिकीट आणि त्यावर त्या दिवसाचा शिक्का. आत पत्र नसते. पुष्कळ संग्राहकांना तर पाकिटावर पत्ताही नसलेला बरा वाटतो. कोरे असले म्हणजे ते स्वच्छ दिसते.

हा छंद निरुपद्रवी आहे आणि त्याची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. परंतु ज्याच्या नावे इतके मानाचे कागद छापले गेले, त्याच्या नावे त्याच्या हयातीत कोणता कागद निघाला होता, हे आठवले म्हणजे एक प्रश्न उभा राहतो. मेलेल्याला दिलेल्या मानाने जिवंतपणी केलेल्या अन्यायाची फेड होते काय?

२७ जानेवारी १३०२ रोजी फ्लॉरेन्स नगराने दान्तेला तो गैरहजर असताना अधिकाराच्या गैरवापराबद्दल दोषी ठरविले. ५,००० फ्लोरिन दंड आणि दोन वर्षे हद्दपारी. १० मार्चला दुसरा निकाल आला: तो नगराच्या हाती सापडल्यास त्याला जिवंत जाळावे. १३१५ साली परत येण्याची मुभा देऊ करण्यात आली, पण ती अपराध्यासारखी मान खाली घालण्याच्या अटीवर. त्याने ती नाकारली. सप्टेंबर १३२१ मध्ये तो रॅव्हेन्ना येथे वारला. पुढे त्याच फ्लॉरेन्सला त्याची हाडे हवीशी झाली. १५१९ साली दहावे लिओ या पोपमहाशयांनी, जे स्वतः फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यातले होते, ती नेण्यास संमती दिली. कबर उघडून पाहतात तो ती रिकामी! फ्रान्सिस्कन बंधूंनी हाडे काढून लपविली होती. ती सापडली १८६५ साली. फ्लॉरेन्सच्या सान्ता क्रोचे मंदिरात मात्र एकोणिसाव्या शतकात त्याचे भव्य स्मारक उभे राहिले. तेही रिकामेच आहे.

हिब्रू भाषेत गौरवासाठी जो शब्द आहे, 'काबोद', त्याच्या धातूचा अर्थ जड असणे, वजन असणे असा आहे. आईबापांचा मान राखण्याची आज्ञा त्याच धातूपासून आली आहे. भाषांतर करताना 'मान' हा शब्द सहज लेखणीतून उतरतो, पण त्यातले वजन मागे राहते. मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू हेच वजन पुन्हा दाखवितात. जो माणूस आपले धन 'कुर्बान' म्हणून देवाला वाहिल्याचे सांगून आईबापांची मदत टाळतो, त्याने त्यांचा मान राखला नाही. तेथे मान म्हणजे ताटातली भाकरी आहे. हद्दपारीत परक्याच्या भाकरीची चव कशी लागते हे दान्तेने आपल्या महाकाव्यात सांगून ठेवले आहे. ती भाकरी देणे फ्लॉरेन्सच्या हातात होते, आणि त्यासाठी पंचवीस शतकेही नव्हेत, अवघी एकोणीस वर्षे अवकाश होता.

मग सारे स्मारक व्यर्थ, असे म्हणावे काय? मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायावरून काही उपदेशक तसे म्हणतात. मला ते वाचन उथळ वाटते. संदेष्ट्यांच्या कबरी बांधणाऱ्यांना प्रभू दोष देतात तो दगड रचल्याबद्दल नव्हे. आम्ही पूर्वजांच्या काळी असतो तर त्या रक्तपातात भागीदार झालो नसतो, या त्यांच्या दाव्याबद्दल तो दोष आहे. ज्यांना ते 'आमचे पूर्वज' म्हणतात, त्यांच्यापासूनच ते अंग काढून घेतात. वारसा हवा, पण देणे नको.

या कसोटीवर २००८ सालची एक घटना पाहू. फ्लॉरेन्सच्या नगरपरिषदेने दान्तेवरील शिक्षा रद्द करण्याचा ठराव १९ विरुद्ध ५ मतांनी संमत केला. त्यावर हसणारे हसले. दान्तेला त्याचा काही उपयोग नाही हे खरेच. पण निकाल नगराच्या नावाने लिहिला गेला होता आणि नगर अजून आहे. ज्याच्या नावावर देणे आहे त्याने ते देणे आपले म्हणून मान्य केले, एवढे तरी त्या ठरावात आहे. फेड मात्र झाली नाही. फेड घेणारा हात राहिलेला नाही, आणि ही गोष्ट कोणत्याही शिक्क्याने बदलत नाही.

ख्रिस्तमंडळीनेही येथे दूर उभे राहू नये. पोपच्या ऐहिक सत्तेला मर्यादा घालणारा दान्तेचा 'मोनार्किया' हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच एका कार्डिनलच्या हुकुमाने जाळण्यात आला, नंतर निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेला आणि १८८१ साली त्यातून सुटला. १९६५ चे व्हॅटिकनचे तिकीट या इतिहासाच्या पाठीवर चिकटलेले आहे. संग्राहकाने वहीत त्या तिकिटाखाली ही सनावळी लिहावी, आणि फ्लॉरेन्सच्या पाकिटाखाली १३०२ चे दोन्ही निकाल. संग्रहाची शोभा थोडी कमी होईल, पण त्याला वजन येईल.

आपल्याकडे दान्तेची आस्था अकारण नाही. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत त्याच्या महाकाव्याचे एक प्राचीन हस्तलिखित जपलेले आहे. आणि त्या काव्याच्या स्वर्गखंडात सिंधू नदीच्या तीरावर जन्मलेल्या एका माणसाविषयी प्रश्न येतो. ख्रिस्ताचे नाव त्याच्या कानी कधी पडले नाही, आचरण निर्दोष; त्याला दोषी ठरविणारा न्याय कोणता? पूर्ण उत्तर तेथे मिळत नाही. मात्र एक इशारा मिळतो: मुखाने ख्रिस्त ख्रिस्त म्हणणारे पुष्कळ जण न्यायाच्या दिवशी त्या अनभिज्ञापेक्षा ख्रिस्तापासून दूर असतील. ओठांच्या मानाविषयी यशयाने जे म्हटले आणि मार्काच्या त्याच अध्यायात प्रभूंनी ज्याची आठवण दिली, त्याच्याशी हे जुळते. ज्याला स्वतःच्या गावाने बाहेर काढले, त्याला वेशीबाहेरच्या माणसाची चिंता पडावी, याचे मला नवल वाटत नाही.

फ्लॉरेन्सची आणखी एक रीत आहे, जिचा गाजावाजा तिकिटांइतका होत नाही. रॅव्हेन्नातील कबरीजवळ एक दिवा तेवत असतो. त्याचे तेल दर वर्षी सप्टेंबर महिन्यात फ्लॉरेन्सहून येते. हाडे परत मागायची नाहीत. आपल्या टेकड्यांवरच्या जैतुनांचे तेल घेऊन दुसऱ्याच्या गावी जायचे, ते द्यायचे आणि रिकाम्या हाताने घरी परतायचे.