पहिला मुक्काम

अर्धापूर ते पंढरपूर हे अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. नांदेड, लोहा, माळेगाव, अहमदपूर, लातूर अशी वाट धरली की पुढे बार्शीकडून जा नाहीतर तुळजापूर-सोलापूरकडून, फार फरक पडत नाही. आमच्या भागातून आषाढीला पायी जाणारी माणसं ज्येष्ठात घर सोडतात. मृगाचा पाऊस पडलेला असतो किंवा पडायचा असतो. कुणाची सोयाबीनची पेरणी उरकलेली असते, कुणी ती भावाच्या भरवशावर टाकलेली असते. केळीच्या बागेकडे बघायला माणूस लावून ठेवावा लागतो. अर्धा जीव घरी ठेवून निघालेला नवा वारकरी पहिल्या दिवसापासून घाईत असतो, आणि माझ्या पाहण्यात तरी नवख्यांच्या बहुतेक चुका या घाईच्या पोटीच होतात.

घाईला जोड मिळते ती आत्मविश्वासाची. ‘आम्ही रानातली माणसं, आम्हाला चालायचं काय शिकवता?’ हे वाक्य दर वर्षी ऐकू येतं. त्यात खोटं काही नाही. दिवसभर केळीचे घड वाहणाऱ्या माणसाच्या अंगातली ताकद शहरातल्या व्यायामशाळेत मिळत नाही. पण रानातलं चालणं वेगळं आणि रस्त्यावरचं वेगळं. काळ्या मातीत पाऊल दर वेळी निराळं पडतं, माती थोडी दबते, मधेच बांधावर टेकता येतं, वाकणं-उठणं चालू असतं. महामार्गावर तसं नाही. तिथे तेच पाऊल, त्याच कोनात, त्याच टणक पृष्ठभागावर, वीस किलोमीटरला पंचवीस हजारांहून जास्त वेळा आपटतं. त्यात रस्त्याला कडेकडे उतार असतो. सतत एकाच बाजूने चालणाऱ्याचा एक पाय कायम खाली राहतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी नेमका एकच गुडघा का बोलायला लागला, हे त्याला कळत नाही.

शरीराची आणखी एक गोष्ट नवख्याला चकवते. दम लवकर सरावतो. चार-सहा दिवसांत छाती भरून येणं कमी होतं आणि माणसाला वाटतं, आता जमलं. स्नायूही बऱ्यापैकी लवकर सावरतात. पण स्नायू हाडाला बांधून ठेवणाऱ्या कंडरा, टाचेमागची जाड शीर, तळपायाचा पडदा आणि नडगीचं हाड यांना वाढीव भार पेलायची सवय व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. म्हणजे माणूस वेग वाढवतो तो दमाच्या जोरावर आणि त्याची किंमत मोजतात घोटे. नडगीवर बोट दाबलं की कळ येते, सकाळी उठून पहिलं पाऊल टेकवत नाही, ही सगळी त्याची लक्षणं. अशा वेळी वेदनेची गोळी घेऊन तेवढंच अंतर रेटणं म्हणजे दुखणं वाढवणं.

आपल्याकडे याचं उत्तर फार पूर्वीपासून डोळ्यांसमोर आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचं आळंदीतून ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान होतं. एवढा मोठा सोहळा, लाखोंचा समुदाय, आणि पहिल्या रात्री पालखी जाते कुठे? आळंदीतच, आजोळघरी. गावाची वेस ओलांडत नाही. दुसऱ्या दिवशी पुणे, तिथे दोन रात्री. मग दिवे घाट चढून सासवड, हा सोहळ्यातला सगळ्यात लांब टप्पा, तीस किलोमीटरच्या घरातला. सासवडला पुन्हा दोन रात्री. लांब टप्प्याच्या आधी विश्रांती आणि नंतरही विश्रांती. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला आजचं शिस्तीचं रूप दिलं. मुक्कामांमागे गावोगावचे मान, पाणी, उतरायची जागा अशी कितीतरी कारणं असणार. पण म्हाताऱ्या माणसांनाही झेपेल अशी ती आखणी आहे, हे चालणाऱ्याच्या पायांना बरोबर कळतं. उलट स्पेनमधली सांतियागोची प्रसिद्ध यात्रा पाहा. तिची फ्रान्समधून सुरू होणारी वाट जवळपास आठशे किलोमीटरची आहे आणि पहिल्याच दिवशी पिरेनीज पर्वत ओलांडावा लागतो. तिथल्या नवख्यांचे पाय पहिल्या आठवड्यातच बिघडतात, यात नवल नाही.

आमच्याकडच्या लहान दिंड्यांना मात्र दिवस कमी असतात. दशमीच्या आत पोचायचं, पेरणीमुळे निघायला उशीर झालेला, मग रोजचा टप्पा पंचवीस-तीसवर जातो. आणि उत्साह पहिल्याच दिवशी जास्त असल्यामुळे सगळ्यात मोठी चाल नेमकी पहिल्याच दिवशी होते.

माळेगावच्या मुक्कामातली एक संध्याकाळ सांगतो. खंडोबाच्या यात्रेमुळे सगळ्यांना माहीत असलेलं हे गाव अर्धापूरहून निघालेल्यांना साधारण तिसऱ्या दिवशी लागतं. दिंडीत पहिल्यांदाच आलेला एक पोरगा दोन दिवस सगळ्यांच्या पुढे, पताकेच्याही पुढे चालत होता. त्या संध्याकाळी तो शाळेच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसला आणि जेवणाची पंगत बसली तरी उठेना. विचारलं तर म्हणाला, भूक नाही. दिंडीतली एक म्हातारी मावशी त्याच्यासमोर येऊन बसली, मोबाईलची बॅटरी त्याच्या पायावर धरली आणि न विचारता मोजे काढले. नवे पांढरे बूट, नवे नायलॉनचे मोजे, दुपारच्या पावसात भिजलेले आणि तसेच पायात वाळलेले. दोन्ही टाचांवर रुपयाएवढे फोड, एक फुटलेला. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरीफटक. “कामून पळायलास लेकरा? पंढरपूर काय पळून जायलंय का?” एवढंच ती बोलली.

मग तिने जे केलं ते मी लक्ष देऊन पाहिलं. पाय साबणाने धुतले, कोरडे पुसले, बेचक्यांत कापूस ठेवला. न फुटलेल्या फोडाला हात लावला नाही. फुटलेल्याची वरची कातडी ओढून काढली नाही, ती तशीच बसवली, मलम लावून स्वच्छ पट्टी बांधली. कुणीतरी सुई-दोरा काढला होता. फोडातून दोरा ओवून ठेवायचा प्रकार वारीत सर्रास चालतो. मावशीने सुई-दोरा परत ठेवायला लावला, आणि तिचं बरोबर होतं. दोऱ्याच्या वाटेनेच घाण आत जाते आणि फोडात पू होतो. दुसऱ्या दिवशी त्या पोराला सामानाच्या ट्रकमध्ये बसवलं.

फोड अचानक येत नाही. आधी ती जागा तापते, लाल होते, चुरचुरते. त्याच वेळी, भर रस्त्यात थांबून, मोजा काढून तिथे कापडी चिकटपट्टी लावली तर फोड येतच नाही. पण सगळे पुढे चालले आहेत, अभंग रंगात आला आहे, अशात थांबायची लाज वाटते. ‘पुढच्या विसाव्याला बघू’ असं म्हणत माणूस चालत राहतो आणि विसाव्यापर्यंत कातडी सुटते. मला वाटतं, वारीत शिकण्यासारखी अवघड गोष्ट हीच आहे: दुखायला लागल्याबरोबर तोंडाने सांगणं.

पायताणाबद्दल थोडक्यात. वारीसाठी नवं काही घेऊ नये. घ्यायचंच तर महिनाभर आधी घ्यावं, संध्याकाळी घ्यावं, कारण दिवसभरात पाय सुजतात, आणि बोटांना मोकळी जागा राहील असं घ्यावं. मोज्यांचे तीन जोड असू द्यावेत. मांड्यांच्या आतल्या बाजूला सकाळीच खोबरेल किंवा व्हॅसलीन लावावं. पावसाच्या दिवसांत ओल्या कपड्याने मांड्या सोलवटतात आणि संकोचापायी त्याबद्दल कुणीच बोलत नाही. सराव करायचा तर अर्धापूरच्या माणसाला लांब जायला नको. इसापूर धरणाच्या पाण्याचा कालवा गावाजवळूनच जातो, त्याच्या कडेने पहाटे चालावं. पण शेवटच्या काही खेपा मुद्दाम डांबरी रस्त्यावर, भरलेली पिशवी घेऊन कराव्यात.

पाण्याचं गणित दोन्हीकडून चुकतं. काही जण तहान लागेपर्यंत पीत नाहीत. काही जण नुसतं पाणीच पीत राहतात. घामातून गेलेलं मीठ परत मिळत नाही आणि डोकं गरगरतं, मळमळतं. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, हे प्रमाण दिंडीतल्या प्रत्येकाला पाठ असावं. वाटेवरची गावं फार प्रेमाने खाऊ घालतात. प्रत्येक वाढप्याला हो म्हणणारा चौथ्या दिवशी पोट धरून बसतो.

एका गोष्टीची मला मनापासून काळजी वाटते. पन्नाशी ओलांडलेले, साखरेचा आजार असलेले कितीतरी जण नवस म्हणून अनवाणी निघतात. या आजारात तळपायाची जाणीव हळूहळू बोथट होते. तापलेलं डांबर भाजतं, काच रुतते, आणि माणसाला पत्ताच नसतो. ‘पांडुरंगाच्या कृपेने काही दुखत नाही’ असं तो श्रद्धेने म्हणतो, तेव्हा त्याचा पाय धोक्यात असू शकतो. अशा जखमा चिघळून बोट, कधी पाऊल काढावं लागतं. ज्याला साखर आहे त्याने अनवाणी चालू नये, रोज रात्री दुसऱ्या कुणाकडून तळपाय उजेडात बघून घ्यावेत, गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा पाळाव्यात आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. नवस वहाणांनिशीही फेडता येतो.

रस्त्याचंही भान हवं. नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवे घाटात आळंदीकडे निघालेल्या दिंडीत जेसीबी घुसला आणि नामदेवरायांचे वंशज सोपान महाराज नामदास त्यात गेले. अंधारात निघणाऱ्या दिंडीच्या पुढे आणि मागे, दोन्हीकडे दिवा आणि चमकणारी पट्टी घातलेला माणूस हवाच.

तो माळेगावचा पोरगा दोन दिवस ट्रकमध्ये बसला, स्वयंपाकाला पाणी भरू लागला, मग पुन्हा चालू लागला आणि पंढरपूरला चालत पोचला. ट्रकमध्ये बसताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला कुणी हसलं नाही, ही आमच्या दिंडीची मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट. जिथे हसतात तिथे पोरं पाय लपवतात.

म्हणून दिंडी नेणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझी एक विनंती आहे. दोन दिवस आधी निघा. तेवढं शक्य नसेल तर निदान पहिला मुक्काम नांदेडच्या पुढे नेऊ नका, कितीही उजेड शिल्लक असला तरी. आणि त्या रात्री हरिपाठ झाल्यावर, जेवायच्या आधी, पहिल्यांदा आलेल्या प्रत्येकाचे पाय बॅटरीच्या उजेडात स्वतः बघा.